दोर, शीड आणि वाफ : यीचांग ते चोंगछिंग

१३ सप्टेंबर १८७६ रोजी चीनच्या उत्तर किनाऱ्यावरील यानताय बंदरात चीनच्या बाजूने ली होंगझांग आणि ब्रिटिश वकील टॉमस वेड यांनी एका करारावर सह्या केल्या. युरोपीय कागदांत हे बंदर चिफू नावाने येते, म्हणून कराराचे नावही चिफूचा करार असेच रूढ झाले. आदल्या वर्षी युन्नानच्या सरहद्दीवर ऑगस्टस मार्गरी या ब्रिटिश अधिकाऱ्याचा खून झाला होता आणि करार त्याच्या निवाड्यासाठी होता. प्रत्यक्षात त्यातली बरीच कलमे यांगत्से नदीवरच्या व्यापाराची आहेत. यीचांग आणि वूहू ही नदीकाठची शहरे परकीय व्यापाराला खुली झाली. शाशीसह आणखी काही ठिकाणी आगबोटींना थांबून माल-माणसे चढवण्याची मुभा मिळाली. चोंगछिंगसाठी मात्र वेगळी अट घातली गेली. तेथे ब्रिटिश सरकारने व्यापाराची पाहणी करायला अधिकारी ठेवावा; पण जोवर आगबोटी तिथपर्यंत पोहोचत नाहीत तोवर ब्रिटिश व्यापाऱ्यांनी तेथे राहू नये आणि वखारी उघडू नयेत. आगबोटी वर चढण्यात यशस्वी झाल्या, तर पुढचे पाहू.

व्यापारी नाही तर आगबोट कोण आणणार, आणि आगबोट नाही तर व्यापारी येणार कसा? या एका अटीभोवती पुढची चौदा वर्षे पत्रव्यवहार फिरत राहिला. तो वाचताना असा समज होतो की चोंगछिंग हे सह्यांची वाट पाहत बसलेले एखादे आडगाव होते. त्याच शहराच्या जिल्हा कचेरीचे दप्तर काही वेगळेच सांगते. बा परगण्याचे दप्तर या नावाने ओळखला जाणारा हा संग्रह आज सिचुआन प्रांताच्या अभिलेखागारात आहे. अठराव्या शतकाच्या मध्यापासून १९११ पर्यंतची सुमारे १ लाख १३ हजार प्रकरणे त्यात आहेत. भाड्यावरून भांडणे, बुडालेल्या मालाची जबाबदारी, पळून गेलेले खलाशी, सरकारी कामासाठी वेठीला धरलेली गलबते, असे सगळे त्यात येते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, श्वेतकमळ पंथाच्या बंडात सैन्य आणि धान्य हलवायला सरकारला नावा हव्या होत्या. त्या काळापासून येथील नावाड्यांचे संघ बांधले गेल्याचे या दप्तरात दिसते. वरच्या नदीचा, खालच्या नदीचा आणि छोट्या म्हणजे जियालिंग नदीचा, असे हे वेगवेगळे संघ. आपसात वर्गणी काढून ते सरकारी वेठ वाटून घेत.

म्हणजे बंदर होते, चालू होते, आणि त्याचे कायदेकानूही होते. तहांनी ठरवले ते एवढेच, की येथे कोणाचा माल कोणत्या निशाणाखाली यावा आणि त्याची जकात कोणाच्या पेटीत पडावी. हा जलमार्ग कसा घडला हे शोधताना तहाचा कागद एका हाताला आणि परगण्याचे दप्तर दुसऱ्या हाताला ठेवावे लागते. त्यांच्या मध्ये चीनच्या सागरी जकात खात्याचे अहवाल ठेवावेत. रॉबर्ट हार्ट यांच्या हाताखाली हे खाते १८६३ पासून चालले. चाकरी चिनी सरकारची, वरचे अधिकारी बहुतेक परदेशी. त्यांच्या नोंदी शिस्तीच्या आहेत. पण त्यांना दिसतो तो खात्याच्या दारातून गेलेला मालच. देशी नाक्यांवरून जाणारा अफाट व्यापार त्यांच्या तक्त्यांत येत नाही.

चौथा पुरावा दगडाचा आहे. यीचांगपासून चोंगछिंगपर्यंत नदीने सुमारे ६५० किलोमीटर. एवढ्या अंतरात पाणी सुमारे १२० मीटर खाली उतरते आणि वाटेत छूथांग, वू आणि शीलिंग या तीन घळया लागतात. उन्हाळ्याच्या पुरात आणि हिवाळ्याच्या उतारात पातळीचा फरक वीस मीटरहून जास्त पडे. हिवाळ्यात खडक उघडे पडत, पूर आला की तेच पाण्याखाली दडत. त्यामुळे एका ऋतूतली वाट दुसऱ्या ऋतूत उपयोगी पडत नसे. काठच्या लोकांनी ही पातळी मोजून ठेवली होती. फूलिंग गावासमोर नदीच्या पात्रात पायहलियांग नावाची सुमारे १६०० मीटर लांबीची खडकाची पाठ आहे. तिच्यावर तांग काळापासून मासे कोरलेले आहेत आणि पाणी किती उतरले हे सांगणारे लेख आहेत. सर्वांत जुनी नोंद इ.स. ७६४ च्या सुमाराची. पाणी माशापर्यंत उतरले की येते वर्ष पिकाचे, अशी समजूत होती, म्हणून दर पिढीतले अधिकारी आणि विद्वान नावेने तेथे जाऊन आपापली ओळ कोरून येत. सुमारे तीस हजार अक्षरे त्या खडकावर आहेत. विसाव्या शतकातल्या अभियंत्यांनी मोजून पाहिले तेव्हा माशाच्या डोळ्याची पातळी त्यांच्या पट्टीवरच्या शून्याशी जवळजवळ जुळली. पुराच्या खुणा वेगळ्या. १८७० च्या महापुराची रेघ नदीकाठच्या अनेक गावांनी दगडावर कोरून ठेवली आणि त्या रेघांवरूनच यीचांगजवळ त्या वेळी सेकंदाला सुमारे १ लाख ५ हजार घनमीटर पाणी वाहिल्याचा हिशेब पुढे मांडता आला. ज्यांनी त्या रेघा मारल्या त्यांना धरणाच्या सांडव्याचे गणित माहीत नव्हते. तरी त्यांच्याशिवाय ते गणित झाले नसते.

परकीयांची नदीवरची चढाई १८४२ ची. त्या वर्षीच्या २१ जुलैला ब्रिटिश फौजेने झेन्जियांग घेतले. हे शहर यांगत्से आणि महाकालवा एकमेकांना छेदतात तेथे आहे. पेकिंगला जाणारे धान्य येथूनच वर जाई. तो दोर आवळल्यावर आरमार नानजिंगसमोर येऊन उभे राहिले आणि २९ ऑगस्टला तह झाला. सह्या झाल्या त्या अॅडमिरल पार्कर यांच्या कॉर्नवॉलिस या निशाणीच्या जहाजावर. मराठी वाचकाने हे नाव लक्षात ठेवण्यासारखे आहे. ७४ तोफांचे हे जहाज सागवानाचे होते, मुंबईच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली बांधले गेले आणि १८१३ साली पाण्यात उतरले. मुंबईच्या सुतारांचे काम चीनच्या इतिहासातल्या त्या कडवट दिवसाचे ठिकाण ठरले.

पुढचे टप्पे थोडक्यात. १८५८ च्या तिआनजिनच्या तहाने यांगत्सेवर व्यापाराचा हक्क दिला. तायफिंग बंडाने खोरे पेटलेले असल्याने बंदरे मात्र हप्त्याहप्त्याने उघडायची ठरली. १८६१ मध्ये हानकौ आणि जियुजियांग खुली झाली. त्याच वर्षी टॉमस ब्लॅकिस्टन आणि सोबती, चार शीख शिपाई बरोबर घेऊन, तिबेटमार्गे हिंदुस्थानात उतरायच्या इराद्याने निघाले. घळया ओलांडून ते फिंगशानपर्यंत पोहोचले आणि तेथून परतले. त्यांनी केलेला वरच्या नदीचा नकाशा पुढे कित्येक वर्षे परकीयांना आधार होता.

आता पुन्हा चिफूच्या अटीकडे. आर्चिबाल्ड लिटल हा शांघायकडचा इंग्रज व्यापारी १८८३ मध्ये देशी गलबताने चोंगछिंगला जाऊन आला आणि आगबोट वर नेण्याचा त्याने ध्यास घेतला. १८८८ मध्ये त्याचे प्रवासवर्णन प्रसिद्ध झाले आणि त्याच सुमारास त्याने कूलिंग नावाची आगबोट तयार करून घेतली. चिनी अधिकाऱ्यांनी तिला यीचांगच्या पुढे जाऊ दिले नाही. ब्रिटिश कागदांत याला अडेलतट्टूपणा म्हटले आहे. अधिकाऱ्यांचे म्हणणे असे होते, की चढाला लागलेली शेकडो गलबते दोरांवर लटकलेली असतात. त्यांच्यामधून यंत्राची बोट गेली तर टक्कर होईल, माणसे मरतील आणि दंगे पेटतील. यात सरकारी टाळाटाळ किती आणि खरी काळजी किती, हे वाचकाने पुढच्या हकिकतीवरून ठरवावे. माझ्या मते काळजी खरी होती. अखेर चिनी सरकारने बोटच विकत घेतली. ३१ मार्च १८९० च्या पुरवणी कलमाने चोंगछिंग खुले झाले ते एका नव्या अटीवर. ब्रिटिश व्यापाऱ्यांनी देशी गलबते भाड्याने घ्यावीत किंवा देशी बनावटीची बांधावीत; चिनी मालवाहू आगबोटी तेथे जाऊ लागल्या की ब्रिटिश आगबोटींनाही वाट मोकळी.

१ मार्च १८९१ रोजी हॉब्सन या आयुक्ताने चोंगछिंगचे जकात कार्यालय उघडले. ज्या बंदराचा हक्क आगबोटीच्या नावाने मागितला होता, ते आगबोटीविना उघडले. परकीय पेढीने भाड्याने घेतलेले गलबत आपल्या पेढीचे निशाण लावून निघे आणि जकात सागरी खात्याकडे भरे. आयात मालावर मूळ जकातीखेरीज अडीच टक्के एकदाच भरले की आतल्या प्रांतातले नाके चुकत. म्हणून चिनी व्यापारीही आपला माल परकीय निशाणाखाली पाठवू लागले. खात्याच्या वाढत्या आकड्यांत नवा व्यापार किती आणि जुन्याच व्यापाराने घातलेला नवा अंगरखा किती, हे वेगळे काढणे अवघड आहे. हे आकडे जसेच्या तसे प्रगतीचे माप म्हणून वापरणाऱ्या इतिहासांवर म्हणूनच मी भरवसा ठेवत नाही.

त्या गलबतांत काय भरलेले असे? १८९० च्या दशकात चोंगछिंगच्या परकीय आयातीत सर्वांत ठळक माल होता हिंदी सूत, म्हणजे मुख्यतः मुंबईच्या गिरण्यांचे. सिचुआनमध्ये माणसे भरपूर, हातमाग भरपूर, पण कापूस अपुरा. मुंबईचे जाडे सूत तेथल्या विणकरांना परवडत होते आणि मागावर टिकत होते. मँचेस्टरचे तयार कापड मागे पडत होते. लँकेशायरमधल्या ब्लॅकबर्न शहराच्या व्यापारी मंडळाने १८९६-९७ मध्ये पश्चिम चीनमध्ये एक पाहणी मंडळ पाठवले. त्याचा अहवाल १८९८ मध्ये छापला गेला. आपला माल का खपत नाही हे शोधायला ते आले होते आणि चोंगछिंगच्या बाजारात त्यांना मुंबईच्या सुताच्या गाठी रचलेल्या दिसल्या. त्यांनी सुताचे नंबर, भाव, मागावरचा वापर हे सारे बारकाईने टिपून ठेवले आहे. एका स्पर्धकाने दुसऱ्याच्या मालाची केलेली ही नोंद आहे, म्हणून तिला विशेष वजन आहे.

रत्नागिरी-साताऱ्याकडून गिरणगावात आलेल्या माणसांनी काढलेले ते सूत शांघायला जहाजाने जाई, तेथून आगबोटीने हानकौ, दुसऱ्या आगबोटीने यीचांग, आणि मग देशी गलबतात. यीचांगहून वर जायला महिना-दीड महिना लागे. उतरताना आठ-दहा दिवस. १८९३ मध्ये हिंदुस्थान सरकारने टांकसाळीत चांदी घेणे बंद केले आणि चांदीवर चालणाऱ्या चिनी बाजारात मुंबईचा माल महागला. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, गिरण्यांतले लोक गावी पळाले. जपानी सूत आधीच दाराशी उभे होते. पुढच्या काही वर्षांत मुंबईची ती बाजारपेठ हातची गेली. जाताना सूत वर जाई आणि येताना सिचुआनची अफू खाली येई. मुंबई बंदरातून चीनला जाणाऱ्या माळव्याच्या अफूला याच अफूने मागे सारले होते. मुंबईचे दोन व्यापार या एकाच नदीवर वेगवेगळ्या कारणांनी हरले.

गाठी वर चढवणाऱ्यांबद्दल कागद कमी बोलतात. मोठ्या गलबताला शंभराच्या आसपास माणसे लागत. शिडाला वारा नसेल तेव्हा आणि खळाळांवर नेहमीच, ती माणसे काठावर उतरून वेळूच्या विणलेल्या दोराने गलबत ओढत. शिनतानसारख्या अवघड खळाळाच्या जागी गावातून आणखी माणसे भाड्याने घेत आणि एका गलबताला तीनशे-चारशे जण जुंपले जात. गलबतावर नगारा वाजे. त्याच्या ठेक्यावरून ओढायचे की सोडायचे हे पुढच्यांना कळे, कारण पाण्याच्या आवाजात माणसाचा शब्द पोहोचत नसे. इझाबेला बर्ड यांनी १८९६ मध्ये हे पाहिले आणि १८९९ च्या ग्रंथात त्याचे दीर्घ वर्णन केले. त्या वर्णनात कणव आहे, पण ती गलबताच्या तक्तपोशीवरून पाहणाऱ्याची. मजुरांची नावे त्यात नाहीत.

नावे मिळतात ती परगण्याच्या दप्तरात, आणि तीही बहुतेक फिर्याद झाली तेव्हाच: पगार थकला, दोर तुटून माणूस गेला, मुकादमाने उचल बुडवली. शिवाय खडकावर खुणा आहेत. वेळूचा दोर वर्षानुवर्षे एकाच कोपऱ्यावरून घासला गेल्याने पाषाणात बोटभर ते वीतभर खोल खाचा पडल्या होत्या. १८८८-८९ च्या सुमारास छूथांग घळईच्या उभ्या कड्यात ओढणाऱ्यांसाठी पायवाट कोरली गेली. तोवर त्या घळईत पूर असला की वाहतूक थांबे. ही वाट कोरली ती स्थानिक अधिकाऱ्यांनी, देशी पैशाने. परकीयांच्या इतिहासांत तिला एखादी ओळ मिळते, कूलिंग बोटीच्या वादाला प्रकरण मिळते. जलमार्गाच्या विकासाच्या दृष्टीने त्या दशकातले मोठे काम कोणते, याबद्दल मला शंका नाही.

तशीच गोष्ट तांबड्या नावांची. खळाळांच्या खाली तांबड्या रंगाच्या लहान बचाव-नावा उभ्या असत आणि फुटलेल्या गलबतावरच्या माणसांना काढत. खर्च दानातून आणि सरकारी निधीतून चाले. प्रेत काढले तरी बक्षीस होते, पण जिवंत माणसाला जास्त, म्हणजे नावाड्याचे लक्ष जिवाकडे राहावे. एकोणिसाव्या शतकात या व्यवस्थेवर 'श्याजियांग च्युशंग छ्वान झी' हा ग्रंथही निघाला. त्यात ठाणी, नावांची संख्या आणि नियम दिलेले आहेत. त्यामुळे घळयांतल्या बचावकार्याची माहिती प्रवाशांच्या ऐकीव गोष्टींवर सोडावी लागत नाही.

१७ एप्रिल १८९५ च्या शिमोनोसेकीच्या तहात जपानने यीचांग ते चोंगछिंग आगबोट चालवण्याचा हक्क सरळ मागून घेतला. एकाला दिलेली सवलत सगळ्यांना, या नियमाने तो ब्रिटिशांनाही मिळाला. चिफूची आणि १८९० ची अट एका ओळीने संपली. नदी मात्र तह वाचत नव्हती. ३० सप्टेंबर १८९६ रोजी, दीर्घ पावसानंतर, युनयांगजवळ अख्खा डोंगरउतार पात्रात कोसळला आणि एका रात्रीत नवा खळाळ तयार झाला. त्यावर कित्येक गलबते फुटली. सरकारने दारू लावून खडक फोडायला घेतले आणि त्या हिवाळ्यात माल उतरवून काठाने वाहून पुन्हा भरावा लागला.

फेब्रुवारी १८९८ मध्ये लिटल आपली लीछ्वान ही लहान लाकडी आगबोट घेऊन यीचांगहून निघाला. सोबत पत्नी अॅलिशिया होती. मार्चमध्ये बोट चोंगछिंगला लागली आणि शहराने तिचे स्वागत केले. वाफेवर चोंगछिंग गाठणारी ही पहिली बोट, असे सगळे ग्रंथ सांगतात आणि ते खरेच आहे. पण लिटलच्याच हकिकतीत आणखी एक गोष्ट आहे. मोठ्या खळाळांवर तिचे यंत्र पुरे पडले नाही. तेथे तिला शेकडो माणसांनी दोराने ओढून वर नेले. पहिल्या आगबोटीला चोंगछिंगला पोहोचवण्यात या माणसांचा हात होता आणि हे त्या बोटीच्या मालकानेच लिहून ठेवले आहे.

१९०० साली मोठी बोट आली, पायोनियर. तिचा कप्तान कॉर्नेल प्लँट याने आधी इराणात कारुण नदीवर बोट चालवलेली होती. जूनमध्ये ती दोराशिवाय, स्वतःच्या बळावर चोंगछिंगला पोहोचली. बॉक्सर उठावाच्या धामधुमीत ब्रिटिश आरमाराने ती घेतली आणि तिची तोफबोट झाली. त्याच वर्षीच्या २७ डिसेंबरला स्वेईश्यांग ही जर्मन आगबोट पहिल्याच फेरीत खोंगलिंगच्या खडकावर आदळून बुडाली; कप्तानासह काही माणसे गेली. त्यानंतर नऊ वर्षे कोणीही मालवाहू आगबोट घळयांत घातली नाही. हक्क हाती होता, बोटी बांधता येत होत्या. कमी होते ते पाण्याचे ज्ञान. ते ज्ञान देशी तांडेलांकडे होते आणि प्लँटने ती वर्षे त्यांच्यात काढली. तो स्वतःच्या देशी गलबतातून घळयांत माल नेत राहिला.

१९०८ मध्ये सिचुआनच्या अधिकाऱ्यांनी आणि व्यापाऱ्यांनी मिळून छ्वानजियांग आगबोट कंपनी काढली. परकीय कंपनीने वाट बळकावण्याआधी ती आपल्या हातात असावी, हा हेतू होता. तिची शूथोंग ही बोट ब्रिटनमध्ये थॉर्नीक्रॉफ्ट कारखान्यात बांधली गेली, सुटे भाग करून आणली गेली आणि १९०९ मध्ये प्लँटच्या कप्तानीखाली नियमित धावू लागली. बोट यंत्राची, माल आणि उतारू कडेला बांधलेल्या पडावात, अशी तिची रचना होती. भांडवल चिनी, आराखडा प्लँटचा, आणि सुकाणूजवळ उभे असलेले वाटाडे काठच्या गावांतले. चोंगछिंगला नियमित आगबोट सेवा सुरू केल्याचे श्रेय या कंपनीला आहे.

१९१५ मध्ये जकात खात्याने प्लँटला वरच्या नदीचा मुख्य निरीक्षक नेमले. सहा वर्षांत त्याने खडकांवर खुणा रंगवल्या, पाणपट्ट्या बसवल्या, वाटाड्यांची परीक्षा आणि परवाने सुरू केले. अरुंद वळणांवर इशाऱ्याची ठाणी बांधली, म्हणजे वरून गलबत येत असेल तर खालच्या आगबोटीने थांबावे. १९२० मध्ये खात्याने त्याचे मार्गदर्शक पुस्तक छापले. यीचांग ते चोंगछिंग यांच्यामधला एकेक खडक त्यात आहे, आणि प्रत्येकासोबत आकडा: पट्टीवर पाणी अमुक फूट असताना हा डावीकडे ठेवा, तमुक फूट झाले की त्याच्या वरून जाता येते. साहित्य म्हणून हे पुस्तक कोणी वाचत नाही. मला मात्र या नदीवरचा सर्वांत प्रामाणिक ग्रंथ हाच वाटतो, कारण त्यातले प्रत्येक वाक्य चुकले तर माणसे मरणार होती आणि लिहिणाऱ्याला ते माहीत होते. त्यातले ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आले होते. प्लँटने ते कागदावर उतरवले. फेब्रुवारी १९२१ मध्ये रजेवर निघालेला प्लँट शांघाय-हाँगकाँग प्रवासात वारला आणि थोड्याच दिवसांत त्याची पत्नीही गेली. शिनतानला त्याचे स्मारक उभारले गेले. सांस्कृतिक क्रांतीत त्यावरचे लेख छिन्नीने खोडले गेले, तरी स्तंभ राहिला. पुढे तीन घळयांच्या धरणाचे पाणी चढण्याआधी तो वर हलवण्यात आला.

१८८० च्या दशकात अधिकाऱ्यांनी जी भीती सांगितली होती ती १९२० च्या दशकात खरी झाली. आगबोटी वाढल्या, त्यांच्या लाटांनी भरलेली देशी गलबते उलटू लागली. सावकाश जाण्याचे नियम होते, पण ते पाळले गेले नाहीत. २९ ऑगस्ट १९२६ रोजी युनयांगजवळ वानल्यू या ब्रिटिश आगबोटीपाशी यांग सेन या सेनापतीच्या नावा बुडाल्या. त्यांत सैनिक आणि चांदीची नाणी होती. बोटीने लाटा उठवून नावा उलटवल्या, असे चिनी बाजू म्हणते. चालत्या बोटीवर चढण्याच्या प्रयत्नात नावा उलटल्या, असे ब्रिटिश बाजू म्हणते. यांग सेन याने दोन ब्रिटिश आगबोटी अडकवून ठेवल्या आणि ५ सप्टेंबरला ब्रिटिश तोफबोटींनी वानश्येन शहरावर तोफा डागल्या. चिनी नोंदींत शेकडो नागरिक ठार झाल्याचे आहे, ब्रिटिश कागदांत आकडा लहान आहे. आकडा कोणताही धरला, तरी गजबजलेल्या नदीकाठच्या शहरावर तोफा चालवल्या गेल्या यात दुमत नाही.

त्याच वर्षी चोंगछिंगच्या उत्तरेला, जियालिंग नदीवर, एका लहान बोटीची सेवा सुरू झाली. हछ्वान गावातला शिक्षक-पत्रकार लू त्सुओफू याने आदल्या वर्षी मिनशेंग कंपनी काढली होती. मोठ्या कंपन्या ज्या पाण्याकडे बघत नव्हत्या तेथून त्याने आरंभ केला आणि मग वरच्या नदीवरच्या डबघाईला आलेल्या लहान चिनी कंपन्या एकेक करून आपल्यात सामावून घेतल्या. १९३७ पर्यंत मिनशेंगकडे ४६ बोटी होत्या.

त्यांची कसोटी १९३८ च्या ऑक्टोबरात लागली. २५ ऑक्टोबरला वुहान पडले. पूर्व चीनमधून हलवलेले कारखाने, शस्त्रशाळांची यंत्रे, विद्यार्थी, निर्वासित असे सगळे यीचांगच्या धक्क्यावर येऊन साचले होते, कारण मोठ्या बोटी तेव्हा येथून पुढे जात नसत. सुमारे ९० हजार टन यंत्रसामग्री आणि ३० हजार माणसे, असे आकडे चिनी इतिहासग्रंथ देतात. पाणी उतरायला लागले होते. मोठी यंत्रे वर नेण्याजोगी पातळी जेमतेम चाळीस दिवस टिकणार होती. लू त्सुओफू तेव्हा दळणवळण खात्याचा उपमंत्रीही होता. त्याने नदीचे तुकडे पाडले. सर्वांत जड आणि मोलाची यंत्रे थेट चोंगछिंगला न्यायची. बाकीचा माल घळयांच्या तोंडाशी आणि मधल्या गावांना उतरवून बोट लगेच माघारी फिरवायची, आणि तो पुढे सवडीने न्यायचा. दिवसा बोटी चालायच्या, रात्री माल चढवायचा. बोटी कमी पडल्या तेव्हा देशी गलबते घेतली, आणि त्यांच्याबरोबर दोर ओढणारेही. ठरल्या मुदतीत बहुतेक सगळे वर गेले. युद्धकाळात चीनचे शस्त्रकारखाने चालू राहिले ते या हिवाळ्यामुळे.

१९३८ च्याच शरदात पाच हिंदी डॉक्टरांचे पथक हानकौहून यीचांगमार्गे चोंगछिंगला गेले. त्यांत सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते आणि नागपूरचे डॉ. चोळकर होते. पुढे कोटणीस येनानला गेले आणि १९४२ मध्ये चीनमध्येच वारले. ती हकिकत महाराष्ट्राला ठाऊक आहे. ते ज्या नदीवाटेने वर गेले त्या वाटेवर त्या आठवड्यांत काय चालले होते, तेही तिच्याबरोबर वाचले जावे.

नंतरचे सगळे काम मोठ्या मापाचे आहे. सन यत-सेन यांनी १९१९ च्या सुमारास आपल्या औद्योगिक योजनेत यीचांगच्या वर बांध घालून त्यात बोटींसाठी जलपाश ठेवावेत असे सुचवले होते. १९५० च्या दशकात खडक फोडले गेले, दिवे लागले, रात्रीची वाहतूक सुरू झाली. छूथांगच्या तोंडाशी उभा असलेला यानयू खडकही तेव्हाच उडवला गेला. १९८१ मध्ये गचौपा धरणाचे जलपाश चालू झाले, २००३ मध्ये तीन घळयांच्या धरणाचे. जलाशय २०१० मध्ये १७५ मीटरला भरला आणि सुमारे १३ लाख माणसांना घरे सोडावी लागली. १८७७ मध्ये जकात खात्याने यीचांगला लावलेल्या पाणपट्टीच्या नोंदी या धरणांच्या आराखड्यांना उपयोगी पडल्या. खळाळ, ओढणाऱ्यांची पायवाट आणि दोरांच्या खाचा पाण्याखाली गेल्या. पायहलियांगच्या माशांसाठी पाण्याखालीच संग्रहालय बांधले गेले आणि ते २००९ मध्ये खुले झाले. यांगत्सेच्या मुख्य प्रवाहावर आता वर्षाला तीन अब्ज टनांहून अधिक माल वाहिला जातो.

या इतिहासाचे एक टोक मुंबईत आहे. चोंगछिंगच्या जकात अहवालांत हिंदी सुताचे वर्षवार आकडे आहेत; मुंबई इलाख्याच्या सागरी व्यापाराच्या वार्षिक तक्त्यांत चीनला गेलेल्या सुताचे आकडे आहेत. दोन्ही छापील आहेत, दोन्ही उपलब्ध आहेत. गिरणगावावर मराठीत उत्तम लेखन झाले आहे, पण तेथे निघालेले सूत कोणाच्या मागावर गेले हा प्रश्न त्यात क्वचितच येतो. इतिहासाच्या तरुण अभ्यासकांपैकी कोणीतरी हे दोन तक्ते शेजारी ठेवावेत, १८९१ पासून १९०५ पर्यंतची वर्षे एकेक करून जुळवावीत, आणि ते काम मराठीत लिहावे.